पळती निरी

प्रिय सई आणि निखिल,

सईचा फोटो मिळाला. तिकडच्या गणपतीच्या कार्यक्रमात तिने नऊवारी नेसली होती, असं तिने खाली लिहिलं आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाळ, ती नेसलेली नव्हती, चढवलेली होती. निऱ्या आधीच शिवलेल्या, कमरेला इलॅस्टिक, मागे चेन. पायजम्यासारखे पाय घालायचे आणि वर ओढायची. मी रागावले नाही, पोटभर हसले. पण मग सगळी दुपार माझ्या डोळ्यांपुढे अनसाकाकी उभी राहिली. तिला पाहिलेलं माणूस आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि माझ्या आठवणीही उन्हात राहिलेल्या कापडासारख्या विटत चालल्या आहेत. म्हणून आजच लिहायला बसले. क्रमाने सांगते.

अनसाकाकी माणसाचं तोंड आधी पाहत नसे. बाई दिसली की ती वळसा घालून तिच्या मागे जाई, कासोटा पाही, आणि तो मनासारखा असला तरच पुढे येऊन विचारी, "कवा आली वं?" कासोटा म्हणजे नऊवारीचा जो भाग पायांतून मागे घेऊन कमरेत खोचतात तो. काकीच्या मते बाईची सगळी हकीकत तिथे लिहिलेली असे. घाईने खोचला असेल तर घरी भांडण झालं आहे. सैल असेल तर सासू माहेरी गेली आहे. "माणूस खोटं बोलते," काकी म्हणे, "कपडा नाई बोलत." रिसोडच्या आमच्या गल्लीत ती येताना दिसली की बायका भिंतीला पाठ लावून उभ्या राहत.

ती आमच्या नात्यातली नव्हती. गावाच्या कडेला तिच्या भावाची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, कोथिंबीर. ती भावाजवळ राहायची आणि सकाळी टोपली घेऊन गल्लीत यायची. एकदा ती भावाबरोबर भाजी घेऊन शिरपूरला गेली. तिथे जैन मंदिरासमोर यात्रेकरूंची गर्दी. कुठल्याशा लांबच्या गावची शेठाणी पुढे चालली होती आणि तिची निरी ओघळत होती. काकीने टोपली खाली ठेवली, ती गर्दीत शिरली आणि तिने शेठाणीच्या कमरेला हात घातला. शेठाणी किंचाळली. तिचे यजमान हातातली तांदळाची डबी सांडत धावत आले. काकीने मान वर न करता सांगितलं, "थांबा भाऊ, काम चालू हाय." आणि निरी नीट बसवूनच ती बाजूला झाली. शेठाणी चार पावलं चालली, थांबली, तिने वळून पाहिलं आणि सगळ्यांदेखत काकीच्या टोपलीतली सगळी वांगी विकत घेतली.

असा तिचा हात होता. म्हणून गल्लीतल्या प्रत्येक नवरीला लग्नाचं लुगडं काकीच नेसवायची. लहान असताना मी एकदा धान्याच्या कणगीमागे लपून ते पाहिलं. दार लागलं. खोलीत फक्त काकी आणि नवरी. काकीने घडी झटकली आणि सगळी खोली हिरवी झाली. छपराच्या कवेलूंच्या फटीतून उन्हाची एक काडी खाली येत होती. कापड तिच्यातून जाई तेव्हा भिंतीवर हिरवं पाणी हलल्यासारखं वाटे. कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास. काकी नवरीभोवती फिरत होती, आणि बाहेर अखंड बोलणारी ही बाई तिथे एक अक्षर बोलत नव्हती. मला वाटलं, मी झोपेत आहे. दार उघडलं तेव्हा आत गेलेली शेजारची ताई बाहेर आलीच नाही; कोणी दुसरीच आली, उंच आणि शांत.

आता एक गोष्ट सांगायला हवी. काकीच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, आणि नवरा मालेगावला दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. अशा बाईला शुभकार्यात कोणी 'येऊ नको' म्हणत नसे. फक्त बोलावणं करायला विसरत. हळद लावायला पाच जणी बोलावत, त्यांत काकी नसे. ओटी भरायला नसे. पण लुगड्यासाठी माणूस पाठवावंच लागे. लग्नघरात शिरायला तिला तेवढा एकच दरवाजा होता. ती त्यातून अशी शिरायची, की जणू मांडव तिच्यासाठीच घातला आहे.

मग गोल पातळ आलं.

ते आमच्या गावात पहिल्यांदा मुलींच्या शाळेच्या नव्या बाईंबरोबर आलं. बाई नागपूरच्या. पाच वारी पातळ, आत परकर, अंगात झंपर, पायांत चपला. काकीने सवयीने त्यांना वळसा घातला आणि मागे जाऊन ती तशीच उभी राहिली. मागे वाचायला काहीच नव्हतं. ती पुढे आली, पुन्हा मागे गेली.

"बाई," ती शेवटी हळूच म्हणाली, "अर्धं घरीच राह्यलं का तुमचं?"

"नाही हो काकू, हे असंच असतं."

"असंच? मंग बाकीच्या चार वारांचं काय केलं?"

बाई हसून वर्गात गेल्या. काकी आठवडाभर गल्लीत दारोदार हाच प्रश्न विचारत होती. परकर तर तिला पटेचना. "आंदर एक, वर एक! वरच्यावर भरोसा नाई म्हून आंदरचं. आन् टाचणी कायले? लुगडं हातानं नेसतात का खिळ्यानं?"

पण मुलींना ते आवडलं होतं. नऊवारीत तुमची पणजी पेरणी करायची, झाडावर चढायची, मांडी घालून जेवायची. ते कष्टाचं वस्त्र होतं आणि सोयीचंही. गोल पातळ हलकं होतं, पटकन वाळायचं, आणि कुणाच्या मदतीशिवाय नेसता यायचं. पातळ आलं तसे झंपर आले, बाह्या आल्या, चपला आल्या. पाटावर बसणाऱ्या बायका खुर्चीवर बसू लागल्या. पुढे लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं, तेव्हा ज्या सासवा नाकं मुरडत होत्या त्यांनाही पाच वार बरे वाटू लागले. मी तेव्हा अकोल्याला शाळेत होते. सुटीत मीही गोल पातळ नेसून आले. काकीने मला पाहून टोपली दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि माझ्या आईला म्हणाली, "पोरगी शिकली वहिनी, पण उभ्या पोत्यावानी दिसून राह्यली."

त्याच उन्हाळ्यात समोरच्या घरातल्या सुमनचं लग्न होतं. वर अमरावतीचा, वकिली शिकलेला. त्याच्या घरून गोल पातळ आलं, बरोबर परकर, आणि निरोप: मुलगी हेच नेसून उभी राहील. काकीला बोलावणं गेलं, कारण नवरीला काकीच नेसवते हे ठरलेलंच होतं. दार लागलं. बराच वेळ लागला. काकीने परकर पाहिला. आपल्या हातच्या लुगड्याला आतून आधार लागत नाही, म्हणून तो खुंटीला टांगला. आणि मग पाच वारांत तिने कासोटा घातला.

तो बसला, हे मी देवाशपथ सांगते. तिच्या हातात ते होतं. पण सुमनचे गुडघे एकमेकांना बांधल्यासारखे झाले. ती मांडवात निघाली ती दावं घातलेल्या वासरासारखी, वीत वीत. वाजंत्री वाजत होती, अक्षता हातात होत्या, आणि नवरी काही केल्या बोहल्यापर्यंत पोचेना. पायरीशी तर ती थांबलीच.

वराची आत्या वराच्या मामाच्या कानाला लागली. मामा सुमनच्या वडिलांच्या कानाला लागले. मग ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"मुलीच्या पायात काही दोष आहे का? आधी सांगायला हवं होतं."

"नाही हो! कालपर्यंत विहिरीवरून पाणी आणत होती!"

"मग चालून दाखवा."

सुमनची आई रडायला लागली. मुलींच्या शाळेच्या त्या नागपूरच्या बाई गर्दीत होत्या. त्यांनी सुमनचा हात धरला आणि तिला आत नेलं. दार लागलं. काकी या वेळी दाराच्या बाहेर होती. तिने दार ढकललं नाही. दाराकडे पाठ करून ती उभी राहिली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिली, "होते, होते. आत काम चालू हाय."

सुमन नीट चालत आली, लग्न लागलं, सगळे हसले. पण त्यानंतर काकीला बोलावणं गेलं नाही. मुली स्वतःच नेसायच्या, फार तर एकमेकींच्या निऱ्या धरायच्या. लग्नाच्या दिवशी काकी वाडीत मेथीच्या जुड्या बांधत बसे आणि बांधावरून जाणाऱ्याला विचारी, "वाजंत्री वाजून राह्यली, कोणाकडं हाय वं?" नवरीचं नाव, घराणं, मुहूर्त, तिला सगळं ठाऊक असे. भेंडी-वांगी मात्र ती पूर्वीसारखीच दारात आणून द्यायची. फक्त आता ती कुणाच्या मागे जात नव्हती. थेट तोंडाकडे पाहून बोलायची, आणि त्याने आम्हा सगळ्यांना फार ओशाळल्यासारखं होई.

तीन-चार वर्षांनी माझं लग्न ठरलं. तुमचे आजोबा तेव्हा नागपूरला होते. गोल पातळच नेसायचं होतं. काकीला कसं सांगावं, या विचाराने आईला झोप लागेना.

लग्नाला दोन दिवस असताना, भर दुपारी, घर झोपलेलं असताना काकी मागच्या दाराने आली. टोपली खाली ठेवली. दार लावलं. कडी घातली.

"मले शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"ते तुझं पोतं. शिकव मले. आन् कोणाले सांगू नोको."

मी माझं एक जुनं, फिकट निळं पातळ काढलं. परकराची नाडी बांधताना तिने तोंड वाकडं केलं, पण गाठ घट्ट मारली. मी पहिला वेढा घेतला. निऱ्या घातल्या, खोचल्या, पदर खांद्यावर टाकला. मी तिच्याभोवती फिरत होते. खिडकीतून आलेलं ऊन निळ्या कापडातून झिरपत होतं आणि काकीचे काळे, मातीने माखलेले पाय त्या उजेडात पाण्यात ठेवल्यासारखे दिसत होते. बाहेर कडुनिंबावर होला घुमत होता. दुसरा कसलाच आवाज नव्हता. काकी आपल्या पायांवर पडलेल्या निऱ्यांकडे पाहत होती.

"शिकलीस का?" मी विचारलं.

"शिकलो मघाच." आमच्याकडे बायकाही असंच बोलत. मग ती म्हणाली, "मले कोणी नेसवलं नाई वं पोरी. माह्या लग्नात मी मामाच्या कडेवर होतो, परकर-पोलक्यात. सासरी गेलो तं सासू म्हणे, बाकीच्या नेसतात तं पाह्य आन् नेस. भिताडाकडं तोंड करून शिकलो." ती खाली अंथरलेल्या तरटावर बसली. "राहू दे असंच थोडं."

ऊन भिंतीवर सरकेपर्यंत ती तशीच बसली होती. मी तिच्याजवळ बसले.

मग ती उठली आणि खोलीभर चालून पाहू लागली. एकदा हळू, एकदा भरभर. मोठं पाऊल टाकलं की पातळ तिला मागे ओढी. तिने कमरेतल्या निऱ्या उपसल्या, पुन्हा घातल्या, पुन्हा चालली, पुन्हा उपसल्या.

लग्नाच्या सकाळी तिने आमच्या घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "नवरीले मी नेसवतो." आई माझ्याकडे पाहू लागली. मी काकीचा हात धरून आत गेले आणि दार लावलं.

ती पुन्हा गप्प होती. परकराची नाडी तिने दोनदा ओढून पाहिली. निऱ्या बोटांवर घेतल्या, आणि डाव्या बाजूला, सगळ्यांच्या आत, एक निरी वीतभर खोल ठेवली. वरून ती दिसतच नव्हती.

"चाल," ती म्हणाली.

मी चालले.

"आता मोठं पाऊल टाक. आजूक मोठं."

पातळ उघडलं आणि पाऊल अडलं नाही. निऱ्या पुन्हा जागच्या जागी मिटल्या.

"ही कायले, काकी?"

ती खाली वाकून काठ सारखा करत होती. तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

"सासर चांगलं हाय तुझं. चांगलंच असंन," ती म्हणाली. "पण बाईले पळता आलं पायजे. मले नाई आलं."

मग तिने दार उघडलं, आणि मांडवाच्या दारात उभी राहून मी बोहल्यापर्यंत कशी चालते ते पाहत राहिली.

मला कधी पळावं लागलं नाही. तुमचे आजोबा भले गृहस्थ होते. पण ती निरी घालून मी नागपूरच्या कॉलेजातल्या वर्गांमध्ये धावपळ केली, मुलांच्या मागे धावले, सुटणाऱ्या बसगाड्या पकडल्या. माहेरी आले तेव्हा गल्लीतल्या मुलींनी माझं भरभर चालणं पाहून ती मला उलगडून दाखवायला लावली आणि पुढच्याच लग्नसराईत काकीला पुन्हा बोलावणी जाऊ लागली. 'पळती निरी घालून दे' असं म्हणत. हळद लावायला मात्र तिला कोणी बोलावलं नाही. तेही तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी काकी गेली. तिचा फोटो कुणी काढला नव्हता. वाडीच्या जागी आता घरं आहेत.

पळती निरी आहे. रिसोडला आमच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या अजून ती घालतात; त्या आपापल्या आयांकडून शिकल्या. तुमची आई ऑफिसला साडी नेसून जायची तेव्हा डाव्या बाजूला, आतून, तीच घालायची. ती मी तिला शिकवली, पण कुणाची ते तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

तुमची,
आजी