सत्यप्रत

"हे अकरा लेख खरे कशावरून?" विरूपाक्ष सरांनी फाईल बंद करत विचारलं.

सुमय्याच्या एम.एड.च्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून त्यांची सही तेवढी राहिली होती. भूकंपानंतर नव्यानं वसवलेल्या गावांतल्या शाळा हा तिचा विषय. संदर्भासाठीचे अकराही लेख तिनं इंटरनेटवरून काढले होते आणि प्रत्येकाखाली वेबसाईटचा पत्ता आणि वाचल्याची तारीख लिहिली होती. संध्याकाळी पाचपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर सहा महिने गेले, आणि लातूरच्या एका क्लासवाल्यानं देऊ केलेली नोकरीही गेली. हे तिनं सरांना अगदी अदबीनं सांगितलं. पण इंटरनेटवर कुणीबी कायबी टाकतं, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःचा ईमेल ते शिपायाकडून उघडून घेत. प्रत्येक लेखाची प्रत राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी आणा, मग बघू, म्हणाले.

राजपत्रित अधिकारी रिकामा सापडतो तो गुरांच्या दवाखान्यात, हे आपल्याकडं मार्कमेमोच्या सत्यप्रती करत मोठ्या झालेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सुमय्या तडक तिथं गेली. पण अण्णाराव डॉक्टर सरळ माणूस निघाले, आणि सरळ माणसाइतका ताप कुणाचा नसतो. मागं एकदा न बघता शिक्का मारला म्हणून त्यांना नोटीस आली होती. तेव्हापासून ते अक्षर न् अक्षर ताडून बघत.

"मूळ प्रत कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"सर, मूळ कॉम्प्युटरमधे हाय."

"मग चला तिकडं."

सुमय्याचा भाऊ जीशान क्लासवाल्यांच्या गल्लीत इंटरनेट कॅफे चालवायचा. नेमका त्याच दिवशी सीईटीचा निकाल होता. आईबाप, पोरं, मामा-मावश्या जिन्यापर्यंत उभ्या होत्या, आणि डॉक्टर खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर बसून एक बोट पडद्यावर, एक बोट कागदावर ठेवून इंग्रजी लेख मोठ्यानं वाचत होते. मागून लोक कुरकुरत होते. एका बाईंनी तर साहेबांचा मुलगा नापास झालाय का, म्हणून हळहळ व्यक्त केली. जीशान बहिणीकडं असा बघत होता की ती नजर चुकवून स्वल्पविराम तपासू लागली.

साडेतीनला दहा लेख झाले. अकरावा खुद्द विरूपाक्ष सरांचा, औसा तालुक्यातल्या शाळांवरचा. मार्गदर्शकाचा लेख यादीत घातल्याशिवाय सही होत नाही, हे कुठल्या नियमात नसलं तरी सगळ्या कॉलेजला पाठ होतं. डॉक्टर दुसऱ्या पानावर थांबले.

"पोरी, औसा तालुक्यात मिठागरं कुठं हायत?"

"न्हाईत सर."

"मग ह्या लेखात मिठागर कामगारांची लेकरं शाळा बुडवून राहिलीत, ती कुणाची?"

त्यांनी गठ्ठ्यातला चौथा लेख काढला. तो गुजरातच्या भूकंपावरचा, सरांच्या लेखाआधी चार वर्षांचा. दोन्ही शेजारी ठेवून ते शांतपणे वाचत गेले, आणि मग सरांच्या लेखावर शिक्का मारून खाली लिहिलं: 'ही प्रत सोबतच्या लेख क्रमांक चारशी ताडून पाहिली. गावांची नावं वगळता तंतोतंत बरोबर.'

 दुसऱ्या प्रतीवर नुसता शिक्का मारून द्या म्हणून सुमय्यानं हातापाया पडून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, जे बघितलं तेच लिहिलंय. चार वाजून गेले होते. ती रिक्षात बसली आणि रस्ताभर अल्लाचं नाव घेत राहिली.

सरांनी एकेक शिक्का समाधानानं पाहिला. अकराव्यावर त्यांचा चष्मा खाली आला. बराच वेळ ते तेवढ्याच दोन ओळी वाचत होते.

"ह्या सत्यप्रती काढून टाका," अखेर ते म्हणाले. "इंटरनेटवर इतका अविश्वास बरा न्हाई. पत्ता न् तारीख पुरे." मग खालच्या आवाजात, "आणि तो चौथा संदर्भ वगळा."

सुमय्याला त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे.

"सर, तो तर मूळ हाय. वगळायचाच तर अकरावा वगळू का?"

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि पेनाचं टोपण काढलं.

"वगळा," म्हणाले, आणि सही केली.