टाळकं जाग्यावर हाय का?

माझ्या घराची चौकट सुताराने माझ्या उंचीचा कसलाही विचार न करता बसविली आहे. त्यामुळे कचेरीला निघताना माझे कपाळ तिच्यावर वारंवार आपटते. तो आवाज झाला रे झाला, की समोरच्या ओट्यावरून मारुतीनाना देशमुख दातवणाची काडी फेकून धावत येतात, माझी हनुवटी धरतात, डोळ्यांत डोकावतात आणि विचारतात,

"नाव काय तुमचं?"

मी पाटोद्याचा वकील. माझ्या नावाची पाटी नानांच्या ओट्यावरून स्वच्छ वाचता येते.

"नाना, सोडा. मुन्सफसाहेब खोळंबले असतील."

"खोळंबू द्या. बाजार कवा असतो?"

"कोणत्या कायद्याने विचारता?"

"टाळकं जाग्यावर हाय का बघायलोय. सासरवाडी कंची?"

"गेवराई!" मी ओरडतो.

"चिडला म्हंजी जाग्यावर हाय. जावा."

या परीक्षेतून कोणाचीही सुटका नाही. तहसीलचे पेशकार घोड्यावरून पडले, तेव्हा नानांनी त्यांनाही सासरवाडी विचारली. पेशकारांना बायका दोन. आधी कोणती सांगावी, या विवंचनेत ते क्षणभर थबकले. तेवढ्यावर नानांनी त्यांना दिवसभर लिंबाखाली निजवून ठेवले. सरकारी कामात अडथळा आणल्याचा खटला सहज उभा राहिला असता. पण पेशकारांना इतकी गाढ झोप वर्षानुवर्षे लागली नव्हती. त्यांनी उलट आभार मानले.

नाना अविवाहित. घरात धाकटा भाऊ शिवा. वय चाळिशीचे, वागणे लेकराचे. मी येथे वकिलीला आलो तेव्हापासून तो तसाच. जन्मतःच तसा असावा, असे मी गृहीत धरले होते.

नाना जत्रेतल्या हुतुतूचे पंच. या खेळाचा कायदा सुटसुटीत आहे. पकडला गेलेला गडी 'मेला'; तो बाहेर बसतो. आपल्या बाजूने समोरचा एक गडी मारला, की बाहेरचा 'जित्ता' होऊन आत येतो. यात अर्थ काढायला जागाच नाही.

यंदा सामना गेवराईशी होता. पलीकडे माझे मेव्हणे बसलेले. दरवर्षी पाटोदा हरते आणि दरवर्षी ते सासुरवाडीच्या पंगतीत मला त्याची आठवण करून देतात. पण यंदा आमच्याकडे मेंढपाळांचा राणू होता. तो मैदानात उतरला की गेवराईचे गडी आपोआप मागे सरत.

ऐन रंगात राणूचे डोके गेवराईच्या एका गड्याच्या डोक्यावर आदळले. नारळ फुटावा तसा आवाज झाला. राणू पडला, पकडला गेला, मेला. लगेच आमच्या दुसऱ्या गड्याने त्यांचा एक गडी मारला. राणू जित्ता झाला! धूळ झटकून तो आत निघाला, तोच नाना आडवे आले.

"नाव काय?"

"राणू."

"बाजार कवा?"

तेही त्याने बरोबर सांगितले.

"सासरवाडी?"

"लगीनच न्हाई की, नाना."

लोक हसले. नाना हसले नाहीत. "कुणाकडून खेळायलास बे?"

राणूने दोन्हीकडे पाहिले. "गेवराईकडून."

"दाजी!" पलीकडून एक मेव्हणा ओरडला. "तुमचा गडी आमच्यात आला की वो! आता तुमीबी या!"

माझा तोल सुटला. मी धोतर सावरीत मैदानात शिरलो. "नाना, कायदा दोनच अवस्था मानतो. मेला किंवा जित्ता. राणू जित्ता झाला आहे. त्याला रोखण्याचा पंचाला अधिकार नाही!"

"तिसरीबी हाय, वकीलसाहेब."

"कुठे लिहिली आहे?"

"लिव्हली न्हाई. माझ्या घरी हाय."

"मग सादर करा!"

"सांजच्याला या."

राणू बसला. पाटोदा हरले. मी घरी येऊन तहसीलदारांना नानांविरुद्ध अर्जी लिहिली, आणि ती कचेरीच्या उर्दूत लिहिली. मराठीत माझा संताप पुरेसा कायदेशीर वाटेना. दिवेलागणीला ती घेऊन नानांच्या घरी गेलो.

ओसरीत राणू कपाळावर ओला पंचा घेऊन निजला होता. आत नाना शिवाला दूधभाकरीचा काला भरवीत होते.

"नाव काय तुजं?" नानांनी विचारले.

शिवा ताठ बसला. मांडीवर थाप मारून आनंदाने म्हणाला, "जित्ता!"

"बाजार कवा असतो, राजा?"

"जित्ता!"

नानांनी त्याचे तोंड पुसले. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "लई चपळ गडी हुता. असाच डोक्यावर पडला. मग आपल्या एकानं त्यांचा गडी मारला, अन् म्याच वरडलो, शिवा, जित्ता झालास, ये आत! उठला, आला. परत पडला. माझा तेवढा सबूद त्याच्याजवळ ऱ्हायला." आणखी एक घास कालवीत ते म्हणाले, "ही तिसरी, वकीलसाहेब."

अर्जी माझ्या हातातच राहिली.

सकाळी नानांनी राणूला पुन्हा विचारले. "पाटोद्याकडून," तो म्हणाला, "अन् कावून बसवलंत मला?" नानांनी समाधानाने त्याला मेंढरांकडे पिटाळले.

अर्जी मी वाया घालविली नाही. सुरुवातीचा मायना तसाच ठेवला, मागणी तेवढी बदलली आणि ती जत्रेच्या पंचमंडळाकडे धाडली: डोक्याला मार लागलेला गडी नानांच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे देईपर्यंत जित्ता धरू नये. पंचमंडळाने पोचसुद्धा दिलेली नाही. हा निव्वळ उद्दामपणा आहे. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे चालू आहेत आणि त्यांतील भाषा दर खेपेस कडक होत आहे.

काल पुन्हा चौकट लागली. नाना धावत आले. मी पागोटे काढले आणि हनुवटी स्वतःच वर केली.

"नाव काय तुमचं?"

मी सांगितले, वडिलांचे नाव, धंदा आणि राहण्याचे ठिकाण यांसह, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सांगावे तसे.

पुढचा प्रश्न येण्याआधीच समोरच्या ओट्यावर मांडीवर थाप पडली.

"जित्ता!" शिवा म्हणाला.

नानांनी माझी हनुवटी सोडली. "निकाल लागला, वकीलसाहेब. जावा."