राखीव संघाचे वाघमारेसर

आमचे शेजारी वाघमारेसर दूध आणायला निघाले की फुटपाथवर चेंडू आपटत पळतात. चेंडू लांबुडका, दोन्ही टोकांना निमुळता. तो भलतीकडेच उसळतो, सर त्याच्यामागे, आणि समोरून येणारी सायकल थेट झुडपात! ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन पळायचं तर तो मधूनमधून जमिनीवर आपटावाच लागतो. "नियम म्हणजे नियम," सर म्हणतात. "दुधाला काय अपवाद?"

सर मूळचे नागपूरचे. आता नेदरलँड्समध्ये, वाखनिंगनच्या विद्यापीठात बियाण्यांवर संशोधन करतात. मेलबर्नला पीएचडी करताना हा खेळ त्यांच्या अंगात शिरला. "कुठल्या जागेवर खेळायचात?" मी एकदा विचारलं.

"बाकावर! राखीव संघातला राखीव होतो मी. पण बाकावरून खेळ जास्त कळतो. म्हणून तर कोच झालो."

इथे आमच्या उइटहॉर्न गावात त्यांनी संघ उभा केला. डच, आयरिश, आयटीतली आपली पोरं आणि मी. सर तापले की मराठीत शिकवतात. त्यामुळे ताडमाड डच गडी भर मैदानात एकमेकांना "उचल! मार! सोड!" असं ओरडत असतात.

गेल्या मोसमात एका सामन्याला माणूस कमी पडला आणि साठीला टेकलेले सर स्वतः उतरले. या खेळात दुसऱ्याच्या पाठीवर चढून झेल घेता येतो. सर माझ्या पाठीवर चढले. झेल घेतला आणि धाडकन छातीवर पडले. उठेचनात. "छातीत दुखतंय रे," एवढंच बोलले.

हॉस्पिटलात आम्ही सगळे चिखलाच्या बुटांनिशी ताटकळत उभे. अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हृदय ठणठणीत, बरगडीला फक्त मुका मार! आमचा आडदांड योरिस भिंतीला टेकून चक्क रडला. माझ्याही जिवात जीव आला.

आत नर्स विचारत होती, "घरी बघायला कोण आहे?" सर उठून बूट घालू लागले.

"आम्ही आहोत," मी म्हणालो.

त्यांना थेट आमच्याच घरी आणलं. बायकोनं वरणभात वाढला. सर ताटाकडे नुसते बघत बसले.

"दुखतंय का सर?" तिनं विचारलं.

"नाही गं. आमची ही... सुमन गेल्यापासून कुणी ताट वाढून दिलं नव्हतं."

मग भात कालवत म्हणाले, "तूप आहे का?"