बंदिस्ती कोण म्हणणार?

आमच्या खारनिव्यात समुद्राचं पाणी मातीला थांबत नाही, नावाला थांबतं. बांधाच्या ज्या तुकड्याचं जे नाव, ते त्या घरच्या माणसानं उधाण ओसरेपर्यंत उभ्यानं म्हणत राहायचं. तो गप्प बसला की पाणी आत. माती आम्ही फक्त उभं राहायला घातली आहे.

सात घरं, सात तुकडे. गडगा, पाळ, ताल, बंधारा, पदूचा काठा, मग माझी मेर आणि अगदी खाडीच्या तोंडाशी हिरूबाईची बंदिस्ती. मी चौथी नापास, पण मेर म्हणायला शाळा लागत नाही. एका घासाचं काम. बंदिस्ती म्हणता म्हणता जबडा दुखतो. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं हिरूबाई ते करत होती.

ती माझ्याशी बोलत नाही. चौदा वर्षांपूर्वी चिंबोऱ्यांनी, खाडीतल्या खेकड्यांनी, बांध पोखरला, पाणी आलं, तेव्हा मी भर बैठकीत म्हणालो, "बाईचा आवाज बारीक, म्हणून चिंबोऱ्या घुसतात." म्हणालो तर म्हणालो.

यंदा श्रावणी अमावस्येच्या आठ दिवस आधी तिचं तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. तिच्या तुकड्यामागं गावाचं गोडं तळं आहे. प्यायला दुसरं पाणी नाही. तळ्यात खारं शिरलं तर गाव उठवायचं. माझ्या मेरेमागं फक्त माझं अडीच एकर भात.

अमावस्येला भरती बारा दहाची. तालुक्याहून नावांचा कारकून दळवी पाणी मोजायची काठी घेऊन अकरालाच आला. हिरूबाईला खुर्चीसकट बांधावर आणून बसवली.

दळवी म्हणाला, "थळे, नाव लगतच्यालाच घेता येतं. तिच्या लगत तुम्ही. मागा, तिनं मान हलवली की झालं. पण एका माणसाला एकच नाव. मेर सुटेल."

"मग मेर कोण म्हणणार?"

"लगतचा."

लगत पदू. तो त्याचा काठा सोडून माझं भात राखणार? मी मागायला गेलोच नाही. नुसता तिच्या तुकड्यावर उभा राहिलो आणि ओरडलो, "बंदिस्ती! बंदिस्ती!"

दळवीनं काठी बघितली. "मागितलेलं नाही. चार बोटं चढलं." लिहून घेतलं. तेवढ्यात मेरेकडंही दोन बोटं चढलं. मी धावत जाऊन मेर मेर केलं, तर इकडं आणखी पाच.

पलीकडून पदू बोंबलला, "काठा, काठा, पोशादादा, माग की रं! काठा, तळं जाईल! काठा!"

"तू तुझं म्हण!"

पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर राहिलं. हिरूबाई पाण्याकडं बघतच नव्हती. माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "हिरूवहिनी, बंदिस्ती दे."

तिनं मान आडवी हलवली.

"नकार," दळवी म्हणाला. "सहा बोटं उरली."

"हिला काय पाहिजे?"

"तो रकाना नाही."

हिरूबाईनं चांगला हात वर केला आणि खुर्चीच्या दांडीवर पाच बोटं तिरकी तिरकी चालवली. चिंबोरी. सातही तुकड्यांवरच्या माणसांनी बघितली.

चार बोटं उरली.

मी म्हणालो, "तुझा आवाज बारीक नव्हता."

तिनं हात कानामागं धरला.

मग मी बैठकीत बोललो होतो तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "चिंबोऱ्या माझ्या मेरेतून आल्या! त्या दुपारी मी झोपलो होतो!"

पदू काठा म्हणायचा विसरला. घोटाभर भिजला, मग आठवलं.

हिरूबाईनं मान उभी हलवली.

"बंदिस्ती," मी म्हणालो. पाणी दोन बोटांवर थांबलं. पाठीमागं मेर फुटल्याचा आवाज झाला. मी वळलो नाही. वळलो असतो तर तोंडातून मेर निघालं असतं. बारा पन्नासला पाणी उतरायला लागलं, तोवर बंदिस्तीच म्हणत होतो.

दळवीनं माझा अंगठा घेतला. सही येते म्हटलं, तरी अंगठाच घेतला.

आता दर उधाणाला मी खाडीच्या तोंडाशी उभा असतो. हिरूबाई शेजारी खुर्चीवर. आवाज बारीक झाला की काठीनं माझ्या पोटरीला टोचते. माझ्या अडीच एकरात तीन वर्षं भात होणार नाही. तिथल्या खाऱ्या पाण्यात जिताडा मासा मात्र चांगला सापडतो. निम्मा तिच्याकडं पाठवतो, डोक्याकडचा.

आम्ही अजून बोलत नाही. तिला येत नाही, मला सवय नाही.