देवरे मामांचं पिस्तूल

देवरे मामा भरताचं वांगं कसं निवडायचे, सांगू? देठाला धरायचे, हात सरळ खांद्याइतका वर, एक डोळा बंद, श्वास बंद, आणि वांग्याचं टोक समोरच्या भिंतीवर स्थिर राहतंय का बघायचे. जरा थरथरलं की वांगं परत टोपलीत! भाजीवाली वैतागून म्हणायची, "ओ भाई, भरता बनाना है कि किसी को उडाना है?" मामा शांत. "घाई नको. हाताला विचारू दे."

हे वांग्याचं खूळ त्यांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं तेव्हापासूनचं. हो, पिस्तूल! थांबा, नीट सांगते.

डिंडोलीत, म्हणजे गुजराती शहरातल्या आमच्या मराठी वस्तीत, मामा-मामी आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. नातं काही नाही, पण अख्खी गल्लीच त्यांना मामा-मामी म्हणायची. मामा मूळचे धरणगावकडचे, इथे साडीच्या कारखान्यात कापड तपासायचे. दिवसभर ट्यूबलाइटखाली साड्या सरकवायच्या आणि तुटलेला धागा शोधायचा. आमच्याकडे आले तरी बोलता बोलता पडद्यातली चूक दाखवायचे. आईने शेवटी त्यांना पडद्याकडे पाठ करून बसवायला सुरुवात केली.

तर असाच एकदा चहा पिता पिता हा माणूस म्हणाला, "वहिनी, पिस्तूल घेतोय."

आईचा चहा बशीबाहेर.

"अहो, हवेचं. छर्ऱ्याचं. दहा मीटरवर कागद लावतात, त्याला मारायचं. ते पीटीचे सर नाहीत का, ते शाळेच्या हॉलमध्ये रविवारी शिकवतात."

दारातून मामी ओरडल्या, "या वयमा पोलिसमा भरती होनं शे का तुमले?" मामी घरात अहिराणीच बोलायच्या, आणि टोमणा मारायचा असला की जरा जास्तच.

मामा हसले आणि मला हळूच म्हणाले, "एकदाच घेणार बरं का. हाताला बसलं नाही तर कपाटात लोळेल, आणि मग सगळंच राहून जाईल." सगळं म्हणजे काय, ते मी विचारलंच नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, मला फक्त पिस्तूल बघायचं होतं!

मग काय, दर सुट्टीला मामा आणि मी दुकानात. पिस्तूल निवडणं मला फ्रॉक निवडण्याइतकं सोपं वाटलेलं. छे! एक पुढून जड. एकाचा घोडा इतका कडक की दाबताना अख्खा हात हलतो. मामा नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचे आणि घोडा दाबायचे. नाणं पडलं की पिस्तूल बाद. दुकानदार कपाळाला हात लावायचा. "काका, लेवुं छे के खाली हाथ मिलाववो छे?" घ्यायचंय, की नुसतं हस्तांदोलन!

आणि नियम तर इतके! रिकामं असलं तरी तोंड माणसाकडे करायचं नाही, हा पहिला नियम. तो त्यांनी घरात छत्रीलाही लावला. मी छत्री मामींकडे रोखून बोलत होते तर केवढे ओरडले, "खाली! आधी खाली कर!"

त्यात गंमत म्हणजे, मामांच्या हातात झकास बसलेली दोन पिस्तुलं त्यांनी नाकारली. दोन्ही वेळा मला म्हणाले, "तू धर. नाही, डावा हात दे." मी धरलं की मान हलवायचे. "पिस्तुलाची मूठ मोठी आहे." अहो, पण नेमबाजी कोण करणार, मी की तुम्ही? गल्लीत चार बायकांच्या हाताची मापं टेपने घेऊन झाली, तेव्हा आईने मला विचारलं, "यांना झालंय तरी काय?"

शेवटी एक हलकं, मऊ घोड्याचं पिस्तूल पसंत पडलं. फक्त लाकडी मूठ बदलायची होती. मामांनी गच्चीवर कणकेचा गोळा वाळत घातला, त्यात कुणाची तरी मूठ घट्ट दाबलेली. पहिला गोळा कावळ्याने नेला. दुसऱ्याची राखण मला करावी लागली, पेपर तोंडावर आलेले असताना!

तो गोळा घेऊन आम्ही कतारगामला गेलो. तिथे हिऱ्यांच्या कारखान्यांसाठी लाकडाची बारीक कामं करणारे एक सुतार होते, रमेशभाई. आठवड्याने मूठ आणायला गेलो. काय सुंदर झाली होती! मामांनी माझ्या डाव्या हातात दिली. बोटं कुठेच बसेनात.

रमेशभाई हसत म्हणाले, "काका, तमे माप ऊंधुं आपेलुं. डाबा हाथनुं हतुं. में सीधुं करी नाख्युं." म्हणजे डाव्या हाताचं माप उलटं समजून त्यांनी आपल्या मनाने उजव्याची मूठ केली होती! वर उपकार केल्यासारखा चेहरा.

मामांना मी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "कोणे कह्युं ऊंधुं?" आवाज असा चढला की शेजारचा पॉलिशवाला बाहेर आला. "ए ज सीधुं छे! ए ज!"

परत बनवायचं ठरवून बाहेर पडलो. चहाच्या टपरीवर मामांनी दोन चहा सांगितले.

मग म्हणाले, "तुझी मामी डावरी आहे. हात तुझ्याएवढाच. कणकेतली मूठ तिचीच, कशाला ते न सांगता दाबून घेतली."

मला माहीतच नव्हतं! मामींचा डावा हात कायम पदराखाली असायचा. प्रसाद उजव्या हाताने, वाढणं उजव्या हाताने.

"लग्न करून आली तेव्हा डाव्याने भाकरी थापायची. माझी आई हातावर पळी मारायची. मी तिथेच बसलेला असायचो. जेवत." त्यांनी चहा फुंकला. "मग एकदा जत्रेत फुगे फोडायची बंदूक घेतली हिने. डाव्या खांद्याला लावून सातच्या सात फुगे! तो फुगेवाला म्हणाला, बाई, बंदूक तो सीधी पकडो. लोक हसले. मीपण हसलो गं. हिने बंदूक ठेवून दिली. अजून एक छर्रा बाकी होता."

चहाचे पैसे मी दिले. म्हणजे मी! विचार करा.

नवीन मूठ बसवली त्याच्या पुढच्या रविवारी मामी हॉलवर आल्या, नवऱ्याची फजिती बघायला. मामांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड कागदाकडे. "घे."

"मनं काय काम? तुमनं शे ते."

"माझ्या हाताला बसत नाही. बघ." त्यांनी धरून दाखवलं. खरंच बसत नव्हतं.

मामींनी इकडेतिकडे बघितलं. पदराखालून हात निघाला. बोटं एकेक करून लाकडातल्या खोबणीत गेली, आणि त्यांनी चमकून मामांकडे बघितलं. मामा छताकडे बघत होते.

फट्! कागदाच्या अगदी कडेला भोक.

पीटीचे सर तरातरा आले. "मावशी, हे चुकतंय." मामा खुर्चीतून अर्धे उठले, बाह्या सरसावून.

"डावा पाय पुढे आहे तुमचा. जरा मागे घ्या."

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. "फक्त पाय?"

"फक्त पाय."

मामींनी पाय मागे घेतला, मान ताठ केली आणि म्हणाल्या, "छर्रा द्या."