नवगावकरकाकांची माफी

नवगावकरकाका माणसाला आधी माफ करत. गुन्हा काय, ते मग सावकाश कळे.

२०१४ साली मी मस्कतच्या हमरिया भागात राहायला गेलो. पहिल्याच दिवशी माझ्या एसीचं पाणी खालच्या मजल्यावर काकांच्या वाळत घातलेल्या सदऱ्यावर गळलं. काका जिना चढून आले आणि मी सॉरी म्हणायच्या आत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माफ केलं. ह्या फेरीतलं आणि मागच्या फेरीतलंही." मागच्या फेरीत मी काय केलं होतं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

काका अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. मस्कतमध्ये कुणी धर्म विचारलाच तर "अलिबागचा" एवढंच सांगायचे. त्यांच्याकडच्या गूढ ग्रंथांत म्हणे आत्मा फेऱ्या मारतो. कुणाला दुखावलं आणि त्या माणसानं माफ केलं नाही, तर ते निस्तरायला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. म्हणून झोपण्यापूर्वी सगळ्या जगाला माफ करायची प्रार्थना आहे. काकांना मात्र झोपेपर्यंत दम निघत नसे. रुवीत एका टॅक्सीवाल्यानं त्यांची गाडी मागून ठोकली. तो भांडायच्या तयारीनं उतरला, तर काकांनी त्याला हिब्रूत माफ करून टाकलं. बिचारा जादूटोणा समजून पळाला. रजा नाकारणाऱ्या अर्बाबलाही, म्हणजे मालकालाही, त्यांनी तोंडावर माफ केलं. रजा काही मिळाली नाही.

मी बौद्ध. आम्ही आत्माच मानत नाही, असं मी सांगितलं तेव्हा काका जरा काळजीत पडले. "मग कांबळे, तुमची माफी पाठवू कुठल्या पत्त्यावर?"

असा हा माणूस पोटच्या पोराला माफ करत नव्हता.

डेव्हिड त्यांचा एकुलता एक. मी येण्याच्या आदल्या वर्षी, मित्राकडे अभ्यासाला जातो असं सांगून तो पोरांबरोबर डोंगरातल्या वादीत पोहायला गेला. वर कुठेतरी पाऊस झाला आणि त्या ओढ्याला लोंढा आला. संध्याकाळी सापडला. त्याचा विषय निघाला की काका एवढंच म्हणत, "खोटं बोलून गेला तो." पुढे एक शब्द नाही. मला त्यांचा संताप येई. टॅक्सीवाल्याला माफी, आणि ह्या लेकराला नाही?

त्याच्या पुण्यतिथीला सिपोराकाकूंनी मला बोलावून घेतलं. तुमचं ऐकतील, म्हणाल्या. पोराला मोकळं करा म्हणावं, कुठे अडकून पडलं असेल. आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

मी काकांना बरंच सुनावलं. आत्मा न मानणारा मी, त्या पोराच्या आत्म्यासाठी घसा कोरडा करत होतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"रोज जिभेवर येतं," ते म्हणाले. "पण माफ केलं की तो मोकळा. खलास. मग तो परत कशाला येईल, कांबळे? माझ्याकडे माफी मागायला तरी त्याला यावंच लागेल ना?"



काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप टीपॉयवर ठेवले आणि काकांच्या शेजारी बसल्या.

"मग नका करू," त्या म्हणाल्या.