बंदरोबंदरी चूलबंद

सिंगापूरच्या विमानतळावर मधुभाऊंच्या पिशवीतून पिवळे तांदूळ निघाले. सोबत हळदीची डबी, कुंकवाची डबी आणि लग्नपत्रिकांचा असा गठ्ठा, की तपासणीवाल्या बाईंना वाटलं असावं, हा माणूस छापखाना घेऊनच देशात शिरतोय. त्यांनी तांदूळ चिमटीत धरून विचारलं, हे काय? मधुभाऊंना इंग्रजी येत नाही आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलेलं नाही. त्यांनी एक पत्रिका काढली, कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, वर चार अक्षता ठेवल्या आणि ती बाईंच्या हातात देऊन नमस्कार केला. "बेटी की शादी है, मॅडम. आना पडता. चूलबंद."

मागे आमची सगळी रांग खोळंबलेली. बाईंनी पत्रिका उलटसुलट पाहिली आणि साहेबाला बोलावलं. साहेब हसला, तर त्यालाही एक मिळाली. त्या दोघांनी मिळून तांदूळ काढून घेतले, पण पत्रिका मात्र खिशात ठेवल्या. मधुभाऊ मला म्हणाले, पाहा, अक्षता घेतल्या म्हणजे नक्की येतील.

चूलबंद म्हणजे काय ते सांगतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात साधं आवतन दिलं तर घरातला एक माणूस येऊन जेवून जातो. चूलबंद दिलं तर त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळ्यांनी यायचं. असं आवतन भावकीला, शेजाऱ्यांना, फार तर जिवाच्या दोस्ताला देतात. मधुभाऊ ते कोणालाही देतात. ढाणकीला त्यांनी नवीन घर बांधलं, तेव्हा वास्तूचं आवतन त्यांनी एसटीच्या कंडक्टरला चूलबंद दिलं होतं. कंडक्टर सरळ मनाचा माणूस. जेवणाच्या वेळेला तो बस घेऊन दारात हजर झाला. बसमधले प्रवासी उतरले, पंगतीला बसले, वांग्याची भाजी आणि बुंदी खाऊन पुढे उमरखेडला गेले. मधुभाऊ आजही सांगतात, वास्तू खरी शांत झाली ती त्या बसमुळे.

त्यांचं ढाणकीला कृषी केंद्र आहे, माझं फुलसावंगीला. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. ज्या कंपनीचा माल आम्ही विकतो, तिने त्या वर्षी जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना जहाजावरून फिरवायचं ठरवलं. सिंगापूरला जहाजात बसायचं, व्हिएतनाम, थायलंड, पेनांग अशी बंदरं पाहायची आणि परत सिंगापूरला उतरायचं. पुसद, दिग्रस, दारव्हा, सगळीकडचे दुकानदार निघाले. एका खोलीत दोघं. माझ्या नशिबी मधुभाऊ आले.

आता ज्याच्या घरी लग्न तोंडावर आलंय, तो माणूस जहाजावर कशाला जातो? मधुभाऊंना वहिनींनी पाठवलं होतं, जवळजवळ ढकलूनच. घरी राहून ते दिवसभर ओट्यावर बसायचे आणि कोण येईल, कोण येणार नाही याचा हिशेब मोठ्यानं करायचे. वहिनींना ते ऐकवेना.

कारण लग्न होतं उज्ज्वलाचं, आणि उज्ज्वला त्यांची सून. एकुलता एक मुलगा नितीन मोटारसायकलच्या अपघातात गेला. सून माहेरी गेली नाही, यांनी तिला जाऊ दिलं नाही म्हणा. ती दुकानात बसू लागली. दोन वर्षांनी मधुभाऊंनी तिच्यासाठी कळंबचा एक चांगला मुलगा पाहिला, तिला विचारलं आणि पत्रिका छापल्या. पत्रिकेवर लिहिलं, 'आमची कन्या'. झालं. भावकीनं मान फिरवली. थोरल्या भावानं तर पत्रिका हातातही घेतली नाही. सून ती सून, तिला लेक म्हणून उजवायची हा कुठला थाट, असं गावभर झालं. उज्ज्वलाच्या माहेरच्यांनीही पाय मागे घेतला. कळंबहून वऱ्हाड वाजतगाजत येणार आणि मुलीकडच्या बाजूला रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या असणार, ही एकच धास्ती मधुभाऊंना होती. जहाजावरच्या आम्हा सगळ्यांना ती माहीत होती आणि कोणीही तो विषय काढत नव्हतं.

म्हणून त्यांनी आग्नेय आशियाला आवतन द्यायला घेतलं.

व्हिएतनामला कंपनीच्या साहेबांनी आम्हाला एक जुनं पोस्ट ऑफिस दाखवायला नेलं. फार सुंदर आहे म्हणे. मधुभाऊंनी बाहेरूनच पाहून घेतलं आणि म्हणाले, "पोस्टात काय पाह्यचं? पोस्टानं पाठवलेलं आवतन आपल्याकडं कोनी मानते का?" आणि ते फुटपाथवरच्या कॉफीवाल्या बाईकडे गेले. तिथे गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकची स्टुलं असतात, आपल्याकडे अंघोळीला घेतात तेवढी. मधुभाऊ त्यावर बसले ते बसले, उठताना स्टूल सोबत आलं. दोघांनी धरून ओढलं तेव्हा सुटलं. त्या गोंधळातच बाईंना पत्रिका मिळाली. वर गणपती छापलेला होता. बाईंनी तो निरखून पाहिला आणि दुकानात जमिनीवर त्यांचं छोटं देवघर होतं, त्यात केळ्यांशेजारी पत्रिका ठेवून उदबत्ती लावली.

मधुभाऊ बराच वेळ तिथेच उभे राहिले. बसमध्ये बसल्यावर मला एवढंच म्हणाले की त्या बाईनं देवापुढे ठेवली. थोरल्या भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

थायलंडला हत्ती पाहायला नेलं, तिथली गोष्ट तर पुसदच्या दुकानदारांनी जिल्हाभर केली आहे. आपल्याकडे पहिली पत्रिका गणपतीला ठेवतात. मधुभाऊंनी कळंबच्या चिंतामणीला ठेवलीच होती, पण नवरदेव कळंबचा, म्हणजे तो गणपती मुलाकडचा झाला, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मुलीकडून एक वेगळा पाहिजे. त्यांनी हत्तीपुढे पत्रिका धरली, हळदकुंकू लावून. हत्तीनं सोंड पुढे केली, पत्रिका उचलली आणि शांतपणे खाऊन टाकली. माहूत ओरडायला लागला. मधुभाऊंचे डोळे भरून आले. "घेतलं रे गजू, खुद्द घेतलं," असं म्हणत त्यांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता. परतीच्या बसमध्ये वाद पेटला, की हत्तीला दिलेलं आवतन साधं धरायचं की चूलबंद. दिग्रसवाले म्हणाले, साधंच असू द्या, कळप आला तर आचारी पळून जाईल.

हे सगळं मी हसत हसत सांगतोय, पण तेव्हा माझ्या मनात एक खडा रुतलेला होता. सिंगापूरच्या साहेबाला मिळालं, कॉफीवालीला मिळालं, जहाजावर आमची चादर बदलणाऱ्या फिलिपिनो माणसाला मिळालं, हत्तीला मिळालं. मला नाही मिळालं. तसं आमच्या गावाकडच्या एकाही दुकानदाराला मिळालं नव्हतं. एकाच खोलीत झोपायचं, एकाच ताटलीतला चिवडा खायचा आणि आवतन नाही. आमच्याकडे बिनआवतनाचं जाणं म्हणजे नाक कापून घेणं, आणि आवतन मागून घेणं त्याहून वाईट. मी फुगून बसलो. ते पत्रिकांना कुंकू लावत बसले की मी मुद्दाम डेकवर जाऊन समुद्र पाहायचो. समुद्रात काही नव्हतं, नुसतं पाणी.

पेनांगला साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या माणसावर नजर ठेवा, जहाज कोणासाठी थांबत नाही. मी नजर ठेवली. देवळासमोर एकदा जांभई दिली तेवढ्यात मधुभाऊ गायब. गल्ल्या धुंडाळल्या. शेवटी एका मसाल्याच्या दुकानातून त्यांचा आवाज आला.

गल्ल्यावर एक म्हातारी तमिळ बाई बसली होती. हिंदी मोडकंतोडकं कळत होतं तिला. समोर मिरचीच्या पोत्यावर मधुभाऊ. मी दाराशीच थांबलो, कारण ते उज्ज्वलाबद्दल बोलत होते आणि मी त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मुलगी दुकान कसं सांभाळते. शेतकरी येतात ते मधुभाऊंना ओलांडून तिलाच विचारतात, कपाशीवर कोणतं औषध मारू. तिला कारल्याची भाजी आवडत नाही, पण घरात सगळ्यांना आवडते म्हणून ती कधी बोलली नाही, हे त्यांना परवा परवा कळलं. हसते तेव्हा तोंडावर पदर धरते. धरू नको म्हटलं तरी धरते. म्हातारी मान डोलावत होती. मग तिनं आतून दोन सुना बोलावल्या, त्यांना काहीतरी सांगितलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मधुभाऊंच्या हातावर साखर ठेवली.

मी पुढे होऊन त्यांना उठवलं. रस्त्यात टॅक्सी मिळेना, म्हणून सायकलरिक्षात कोंबलं. रिक्षावाला आमच्याहून म्हातारा. जहाज सुटायला फार वेळ नव्हता आणि मी चिडलेला. त्याच रागात बोलून गेलो की भाऊ, मसालेवाली ढाणकीला येणार आहे का? कशाला हा पत्रिकांचा नास?

ते हातावरची साखर खात होते. खाऊन झाल्यावर बोलले.

"नाही येनार. मले काय कळत नाही? हत्तीबी नाही येनार." रिक्षा वळली, तसे ते माझ्या अंगावर रेलले. "गजू, ढाणकीत आवतन द्याले गेलो का दारातच इचारतेत, कोनाचं? मी म्हनतो लेकीचं. तं म्हनतेत, लेकीचं का सुनेचं? मंग पानी इचारतेत अन् विषय बदलवतेत. इथं मी म्हनतो लेकीचं लग्न हाये, तं लोक हासतेत. खुश होतेत. कोनी कायी इचारत नाही. मले तेवढंच पाह्यचं असते रे. कोनीतरी खुश झालेलं."

मग ते म्हणाले, "तुले काहून नाही देल्लं सांगू? तू नाही म्हनला असता तं या जहाजावर मी तोंड कुठं लपवलं असतं?"

इतके दिवस मी रुसून समुद्र पाहत होतो आणि हा माणूस मला घाबरत होता. मी कुंकवाला कपाळ पुढे केलं. धावत्या रिक्षात त्यांनी डबी काढली. अर्धं कुंकू माझ्या नाकाला लागलं, अर्धं रिक्षावाल्याच्या सदऱ्याला. "लेकीचं लग्न हाये," ते म्हणाले. मी म्हणालो, आनंद आहे भाऊ, आम्ही सगळे येतो, चूलबंद येतो. त्यानंतर ते बंदर येईपर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पाहत बसले. रिक्षावाल्याला उतरताना पत्रिका मिळालीच. जहाजाच्या शिडीवर आम्ही दोघं शेवटचे चढलो आणि साहेब आम्हाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये मधुभाऊ टेबलाटेबलाशी गेले. आपल्या माणसांकडे, पहिल्यांदाच. कुंकू कपाळावर कमी आणि भुवयांवर जास्त लागत होतं. एकानंही विचारलं नाही, कोणाचं.

लग्नाच्या दिवशी ढाणकीला मुलीकडच्या बाजूला पुसदच्या, दिग्रसच्या, दारव्ह्याच्या गाड्या लागल्या होत्या. बायका, पोरं, म्हाताऱ्या, सगळं घरदार. खुर्च्या कमी पडल्या, शाळेतून बाकं आणावी लागली. वऱ्हाडातल्या एका काकांनी मला विचारलं, तुम्ही मुलीचे कोण? मी सांगितलं, जहाजावरचे. त्यांना ते एखादं गाव वाटलं असावं. भावकीतली दोन घरं तेवढी आली, तीही मागच्या दारानं. थोरला भाऊ आला नाही.

अंतरपाट धरला. भटजींनी माईकवर हाक दिली, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोणीच उठलं नाही. भटजींनी परत हाक दिली. लोक माना वळवून इकडेतिकडे पाहू लागले. मामा मांडवात नव्हते, ते आलेच नव्हते.

मधुभाऊ पाटाजवळ उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या आशियाला आवतन देणारा तो माणूस हातातल्या अक्षता उगाच मोजत होता.

मी उठलो, टोपी नीट केली आणि आत गेलो. उज्ज्वला बाशिंग बांधून तयार होती. मला पाहून ती एक क्षण गोंधळली. मग तिला उमगलं.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी सकाळपासून कायी खाल्लं नाही. त्यायले घासभर तरी खाले लावा."

"नाही खानार भाऊ," मी म्हणालो. "लेकीचा बाप हाये. आज उपाशीच राह्यते."

तिनं तोंडावर पदर धरला. मी तिचा हात धरून तिला मांडवात घेऊन आलो.